गाठ लहान असतानाच

८ नोव्हेंबर ही तारीख आपल्या दिनदर्शिकेत लाल अक्षरात छापलेली नसते. पण विज्ञानाच्या इतिहासात तिला दोनदा मान मिळाला आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्ह्युर्त्सबुर्ग गावी विल्हेल्म राँटगेन नावाच्या प्राध्यापकाला अंधाऱ्या प्रयोगशाळेत क्ष-किरण सापडले. त्यानंतर बरोबर २२ वर्षांनी, ८ नोव्हेंबर १९१७ रोजी, पुण्यात समर्थांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचं नाव कमल. राँटगेनच्या किरणांनी पुढे बाईच्या स्तनातली गाठ हाताला लागण्याआधी दाखवायला सुरुवात केली. आणि ही कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे, ती गाठ मुळात धरते तरी का, याचा शोध आयुष्यभर घेत राहिल्या.

आज कमलताईंवर लिहायला बसले याचं कारण मात्र पुणं किंवा मुंबई नाही, आमचं खानदेश आहे. बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षं जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शाखांमध्ये गेली. चोपडा, एरंडोल, शिरपूर, साक्री. कापसाचा हंगाम, केळीची कर्जं, मार्चअखेरची धांदल. काउंटरपलीकडे बाईमाणूस बसलं आहे म्हटल्यावर बायका पैशांखेरीज इतरही गोष्टी बोलत. मुदत ठेव मुदतीआधी मोडायची असेल तर कारण सांगावं लागे. ते कारण बऱ्याचदा आजारपण असे, आणि काही वेळा दबल्या आवाजात, नवऱ्याकडे न बघता सांगितलेली छातीतली गाठ असे. कधीपासून आहे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. वर्ष झालं, दीड वर्ष झालं. दुखत नव्हती म्हणून सांगितली नाही. आधी कापूस वेचणी होती, मग मुलीचं लग्न होतं.

दुखत नाही म्हणजे काळजीचं कारण नाही, हा हिशेब आपण सगळेच मांडतो. स्तनाच्या कॅन्सरच्या बाबतीत तो नेमका उलटा आहे. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. दुखेपर्यंत थांबलं की मग ठेव मोडा, दागिने गहाण टाका, भुसावळ किंवा चाळीसगावहून गाडी पकडून परळचं टाटा रुग्णालय गाठा आणि दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते का बघा, अशी वणवण सुरू होते. त्या टाटा रुग्णालयाच्या आवारातच कमलताईंचं निम्मं आयुष्य गेलं.

कमलताईंचे वडील दिनकर समर्थ जीवशास्त्राचे प्राध्यापक, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणारे. मुलांना शिकवायचं आणि मुलींनाही तितकंच शिकवायचं, हा त्यांचा बाणा. कमल हुजूरपागेत शिकली. हुशार मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, असं वडिलांच्या मनात होतं. मुलीनं दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. ती फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकली, मग पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात गेली. १९३९ साली तिनं जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी लग्न केलं. एम.एस्सी.साठी तिनं विषय घेतला तो सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा आणि गुणसूत्रांचा. १९४३ साली ही पदवी मिळाली तेव्हा ती संसाराला लागलेली, मुंबईत बिऱ्हाड केलेली बाई होती. त्या काळी घरच्या माणसाची साथ नसती तर इथेच पूर्णविराम पडला असता. रणदिवे यांनी बायकोच्या अभ्यासाला आपलं मानलं, ही गोष्ट तिच्या चरित्रात वगळून चालणार नाही.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय तेव्हा अगदी नवं होतं. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभं राहिलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत खानोलकर. भारतीय विकृतिशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस कडक, पण माणसाची पारख असलेला. सीताफळाच्या पेशी बघणाऱ्या या तरुण बाईला त्यांनी माणसाच्या आजाराकडे वळवलं. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

विषय होता स्तनाच्या कॅन्सरचा, आणि अभ्यासाला होते उंदीर. उंदरांच्या काही जातींमध्ये माद्यांना स्तनाच्या गाठी हमखास होतात, काहींमध्ये क्वचितच. कमलताईंनी अशा वेगवेगळ्या जाती शेजारी शेजारी वाढवल्या आणि त्यांच्या स्तनग्रंथींची घडण पेशीपेशीनं तपासली. वंशातून काय येतं, शरीरातली संप्रेरकं काय करतात, पिल्लं होण्या-न होण्यानं काय फरक पडतो आणि विषाणूचा त्यात वाटा किती, हे त्यांना पाहायचं होतं. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवून दिलं होतं की उंदराच्या काही जातींत गाठीचं बीज आईच्या दुधातून पिल्लात जातं. पुढे ते बीज म्हणजे एक विषाणू असल्याचं ठरलं. हे वाचून कुणा बाळंतिणीनं घाबरू नये. माणसात असं आढळलेलं नाही. उलट अंगावर पाजल्यानं आईचा धोका थोडा कमीच होतो.

कॅन्सरचं कारण एकच नसतं, आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचं आपापसात काही नातं असतं, असं मांडणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत कमलताईंची गणना होते. आज आपल्याला बीआरसीए नावाची जनुकं ठाऊक आहेत. पहिलं १९९४ साली हाती आलं, दुसरं १९९५ साली. स्तनाच्या शंभर कॅन्सरपैकी साधारण पाच ते दहा असे वारशानं आलेले असतात. बाकीच्यांत वय, संप्रेरकं, वजन, मुलं किती आणि कधी झाली, असे अनेक धागे गुंतलेले असतात. पिंजऱ्यातल्या उंदरांवरून कमलताई हेच धागे सोडवू पाहत होत्या.

पीएच.डी.नंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. तिथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत पेशी वाढवण्याचं तंत्र त्यांनी हस्तगत केलं. १९५१ साली याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या आणि त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत आहेत. कमलताईंना परदेशात राहणं अवघड नव्हतं, पण त्या परत आल्या. १९५२ साली खानोलकरांच्या पुढाकारानं मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालं होतं. तिथे कमलताईंनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. परकीय चलनाची टंचाई, साधं उपकरण मागवायचं तरी महिनोन्‌महिने वाट बघायची, असे ते दिवस. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाची धुराही त्यांनी सांभाळली. त्याच काळात हे केंद्र आणि टाटा रुग्णालय एका छत्राखाली आले. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केलं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

इथे थोडं थांबून राँटगेनकडे वळायला हवं, कारण गाठीचं मूळ शोधणं ही एक वाट, तर गाठ वेळेत दिसणं ही दुसरी.

राँटगेननं २२ डिसेंबर १८९५ रोजी आपल्या बायकोचा, बेर्टाचा, हात किरणांसमोर धरला आणि हाडं व बोटातली अंगठी काचेवर उमटली. पेटंट घ्यायला त्यानं नकार दिला, म्हणून हा शोध वर्षभरात जगभर पोचला. पण हाड दिसणं सोपं होतं. स्तनात हाड नसतं. चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि गाठ या तिन्ही गोष्टी मऊ, नेहमीच्या एक्स-रेमध्ये एकमेकींत मिसळून जाणाऱ्या. १९१३ साली बर्लिनच्या आल्बर्ट सालोमोन या शल्यविशारदानं शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे घेतले आणि कॅन्सरच्या गाठीची किरणचित्रातली खूण कशी असते ते लिहून ठेवलं. सालोमोन ज्यू होता. पुढे नाझींनी त्याला छळछावणीत डांबलं. तो निसटला, पण त्याची चित्रकार मुलगी शार्लोट १९४३ साली आउश्वित्झमध्ये मारली गेली. या तपासणीमागे अशाही माणसांचे भोग आहेत.

खास स्तनासाठीचं यंत्र बनायला १९६०चं दशक उजाडलं. त्यामागची युक्ती समजायला अवघड नाही. छातीच्या एक्स-रेला जोरदार किरण लागतात, शंभर किलोव्होल्टच्या आसपासचे. मॅमोग्राफीत ते साधारण २५ ते ३० किलोव्होल्टचे, म्हणजे सौम्य असतात. सौम्य किरण चरबीतून सहज पार होतात, गाठीत जास्त अडतात, म्हणून दोन्हींतला फरक चित्रात उठून दिसतो. चरबी काळसर, गाठ पांढरी. याहून मोलाची खूण म्हणजे चुन्याचे कण. काही कॅन्सर गाठ बनण्याआधीच आत कॅल्शियमचे बारीक कण साठवतात, मिलिमीटरहूनही लहान. ते कोणत्याही हाताला लागणार नाहीत, पण चित्रात मीठ सांडल्यासारखे दिसतात. असा प्रत्येक कण कॅन्सरचाच असतो असं नाही. बहुतेक निरुपद्रवी असतात. त्यांची मांडणी पाहून तज्ज्ञ ठरवतात.

ही तपासणी मी स्वतः पन्नाशीनंतर करून घेतली आहे. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबला जातो. दाबल्यानं तो पसरतो, आतल्या गोष्टी एकमेकींवर येत नाहीत, चित्र हलत नाही आणि किरणही कमी लागतात. प्रत्येक बाजूची दोन, अशी चार चित्रं. थोडं दुखतं, पण दळणाचा डबा डोक्यावरून आणणाऱ्या बाईला ते सोसणार नाही असं मुळीच नाही. सगळ्या तपासणीत मिळून जेवढे किरण अंगावर येतात, तेवढे आपल्याला निसर्गातून सात-आठ आठवड्यांत मिळतच असतात. एवढं सांगितलं की निम्मी भीती जाते.

लवकर म्हणजे किती लवकर, हे मी बँकेच्या भाषेत सांगते. गाठ चक्रवाढीनं वाढते. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. अशा तीस दुपटी झाल्या की पेशींची संख्या शंभर कोटींच्या पुढे जाते, आणि तेव्हा कुठे गाठ एक सेंटिमीटरची, हरभऱ्याएवढी होते. म्हणजे कळायच्या आधीच तिच्या आयुष्याचा मोठा भाग सरलेला असतो. हाताला लागेपर्यंत गाठ बऱ्याचदा दोन सेंटिमीटरची झालेली असते. मॅमोग्राफी ती अर्ध्या सेंटिमीटरची असताना दाखवू शकते. या दोहोंत सहा दुपटींचं अंतर आहे. प्रत्येक गाठीचा वेग निराळा, पण हे अंतर अनेकदा दीड-दोन वर्षांचं किंवा त्याहून अधिक असतं. थकीत खातं पहिल्या हप्त्यालाच लक्षात आलं तर सावरता येतं, हे कोणताही बँकवाला सांगेल. इथेही लहान गाठ म्हणजे लहान शस्त्रक्रिया, बऱ्याचदा स्तन न काढता, आणि बरं होण्याची शक्यता कितीतरी जास्त.

पण सगळी बाजू सांगायला हवी. चाळिशीच्या आतल्या बाईच्या स्तनात ग्रंथी दाट असतात. त्याही चित्रात पांढऱ्याच दिसतात, त्यामुळे गाठ लपून राहू शकते. अशा वेळी सोनोग्राफीची जोड लागते. मॅमोग्राफीत काही शंका आली म्हणून पुन्हा बोलावलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो. पण तो नसल्याचं कळेपर्यंतचे दिवस कठीण जातात. पुढे कधी त्रास दिलाच नसता अशाही काही गाठी सापडतात आणि त्यांच्यावर उपचार होतात. तरीही पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या तपासणीनं मृत्यू कमी होतात, हे न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली आणि स्वीडनमध्ये १९७०च्या दशकात सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासांतून दिसलं. जागतिक आरोग्य संघटनाही ५० ते ६९ वयाच्या बायकांना दोन वर्षांतून एकदा मॅमोग्राफी सुचवते. अट एकच, त्या देशाकडे तेवढी यंत्रं, तेवढे तज्ज्ञ आणि पुढच्या उपचारांची सोय हवी.

आपल्याकडे खरी अडचण इथेच येते. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं. पण साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातली, यावल-रावेरच्या सातपुडा पायथ्याची, किंवा १९९८पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या अक्राणीच्या डोंगरातली बाई दोन वर्षांनी एकदा यंत्रासमोर येऊन उभी राहील, हे आज तरी कागदावरच शोभतं.

म्हणूनच मला कमलताईंच्या आयुष्याचा उत्तरार्ध प्रयोगशाळेइतकाच महत्त्वाचा वाटतो. १९७३ साली त्यांनी काही सहकारी वैज्ञानिक स्त्रियांना बरोबर घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नवी मुंबईत वाशीला या संस्थेचं पाळणाघर आणि नोकरदार मुलींचं वसतिगृह उभं राहिलं. मूल सांभाळून संशोधन करणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या पाहणीत उतरल्या. खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणं, आहार आणि स्वच्छता शिकवणं, हे काम त्यांनी केलं. सूक्ष्मदर्शकाखाली आयुष्य घातलेल्या, पद्मभूषण मिळालेल्या बाईनं म्हातारपणी असं गावोगावी का हिंडावं, असा प्रश्न कुणालाही पडेल. मला त्याचं उत्तर त्यांच्या आधीच्याच कामात दिसतं. आजाराचे धागे वंशात आणि संप्रेरकांत असतात, तसेच ते बाईच्या ताटात, तिच्या शाळेत आणि घरातल्या तिच्या किमतीत असतात. २००१ साली, वयाच्या ८३व्या वर्षी, त्या गेल्या.

त्या हयात असतानाच, १९९८ साली, टाटा रुग्णालयानं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला होता. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका. निम्म्या वस्त्यांत खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हातानं तपासायच्या. यंत्र नाही, किरण नाहीत, फक्त शिकवलेला हात आणि समजावून सांगणं. वीसहून अधिक वर्षांनी, २०२१ साली, निष्कर्ष जाहीर झाले. तपासणी झालेल्या वस्त्यांत कॅन्सर अधिक लवकरच्या टप्प्यात सापडले. सर्व वयांच्या बायका एकत्र धरल्या तर मृत्यूंतली घट निर्विवाद म्हणावी इतकी नव्हती. पण पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्या सेविकांत आणि कमलताईंनी नगरच्या खेड्यांत तयार केलेल्या बायकांत थेट नातं आहे असं मी म्हणत नाही. पण दोन्हींमागचा विश्वास एकच आहे. थोडी शिकलेली बाई दुसऱ्या बाईचा जीव वाचवू शकते.

केंद्र सरकारनं २०१६ साली आखून दिलेल्या कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या बायकांची पाच वर्षांतून एकदा हातानं तपासणी करावी असं म्हटलं आहे. शंका आली तर पुढची पायरी मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईनं तुकडा काढून तपासणं. म्हणजे यंत्र आणि हात एकमेकांचे वैरी नाहीत. हातानं गावात चाळणी लावावी, यंत्रानं जिल्ह्याच्या ठिकाणी निवाडा करावा. जिला परवडतं आणि जवळ सोय आहे, तिनं पन्नाशीनंतर डॉक्टरांना विचारून यंत्राची तपासणी करून घ्यावी. आई किंवा बहिणीला हा आजार झाला असेल तर त्याआधीच विचारावं.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्यानं गेल्या. आपल्या देशातल्या बायकांमध्ये हाच कॅन्सर आता पहिल्या क्रमांकावर आहे. यातल्या पुष्कळ जणींच्या बाबतीत औषध अपुरं पडलं नाही, वेळ अपुरी पडली.

म्हणून आजच्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून हे वाचावं. न दुखणारी गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त, काखेतली गाठ, यांतलं काहीही दिसलं तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना. हे आईनं मुलीला सांगावं, सुनेनं सासूला सांगावं. आणि पुरुषांनी आपल्या घरातल्या बाईला एवढा धीर द्यावा की हे सांगायला तिला वेचणी संपायची किंवा लग्न पार पडायची वाट पाहावी लागू नये. गावातली आशाताई दारात आली की तिला ओसरीवरून परत पाठवू नये, आत बोलवावं. परळच्या प्रयोगशाळेतून निघून आदिवासी पाड्यांवर गेलेल्या कमलताईंचं स्मरण करायला याहून चांगली रीत मला तरी सुचत नाही.